काट्याशेजारचा बाप

तुमच्या घरात चार वर्षांचं लेकरू असेल आणि तुम्ही त्याचे वडील असाल, तर एवढंच सांगा: त्याच्या चपलेचा नंबर काय? बायकोला हाक मारायची नाही, दाराशी जाऊन चप्पल उलटी करून पाहायची नाही. आत्ता, आहात तिथून सांगा.

हा प्रश्न मी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात सकाळपासून दिसेल त्या बापाला विचारत होते. हातात माझी पत्रकं होती. कुणी हसून पुढं गेलं, कुणी म्हणालं, "ते तिच्या मायला ठावं." एका गृहस्थानं तर "लहान्याचा सांगू का मोठ्याचा?" असं ऐटीत विचारलं आणि मग दोघांचाही सांगता आला नाही. दुपारी मी अडत दुकानांच्या ओळीत आले. तिथं इलेक्ट्रिक काट्याशेजारी एक माणूस उकिडवा बसून एका मुलीची वेणी घालत होता. दातांत रिबीन धरलेली. त्याला विचारलं. रिबीन न सोडता, मान वर न करता तो म्हणाला, "नऊ. पण डाव्या पायाचा बंद तुटाय आलाय. ह्या टायमाला दहा घ्यायचा इचार हाय, वाढत्या पायाला."

मी इतकी हरखले की त्याच्या हातात एक सोडून दोन पत्रकं दिली. स्त्रीमुक्ती, घरकामाची समान वाटणी, बापाची जबाबदारी, सगळं त्यात होतं, आणि दर दोन ओळींमागं एक उद्गारचिन्ह. त्यानं वेणी पुरी केली, पत्रक वाचलं, उलटवून मागची बाजूही वाचली. तेवढ्यात पोरगी शिंकली. त्यानं शांतपणे त्याच पत्रकानं तिचं नाक पुसलं.

"भाऊ, हे काय?" मी ओरडलेच.

"वाचलं ना ताई. दोनी बाजू वाचल्या. समदं पटलं. आता पटलेल्या कागदाचं अजून काय करायचं असतंय, तुमी सांगा." मग जरा विचार करून म्हणाला, "पण कागद जाड वापरत जा. ह्याच्यातून बोट आरपार जाऊन राहिलं."

मी पत्रकांत वाढलेली मुलगी आहे. आमच्या घरात गादीखाली, डब्याखाली, खिडकीच्या फटीत पत्रकंच असत. मी बाराखडी त्यांच्याच मथळ्यांवरून शिकले. पत्रकाचा असा वापर मला अपमान वाटायला हवा होता. पण मला हसू आलं. त्या दिवसापासून मी बाजाराला गेले की त्या काट्याशी थांबू लागले.

त्याचं नाव गजानन. सगळे त्याला गजू मापाडी म्हणत, मी गजूभाऊ म्हणू लागले. वय तिशीचं, अंगानं काटकुळा, भुवयांपर्यंत पोत्यांची धूळ. जवळ्यापासून तीन किलोमीटरवरच्या वाडीत तो थोरल्या भावाच्या घरात राहायचा आणि एका अडत्याकडं माल मोजायचं काम करायचा. सोयाबीन, हरभरा, हळद. पोतं काट्यावर ठेवायचं, आकडा वाचून मोठ्यानं सांगायचा, पोतं थप्पीला लावायचं आणि पोती मोजत जायचं. जोडीला रशीदचाचा नावाचे साठीचे हमाल होते. तुम्ही कधी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडं मालाची मोजणी 'एक'नं सुरू होत नाही. पहिल्या पोत्याला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. घरात आलेल्या मालाची सुरुवात शुभ शब्दानं व्हावी, एवढीच त्यामागची भावना. रशीदचाचा मोजायला उभे राहिले की पहिल्या पोत्याला 'बरकत' म्हणत. सकाळचा माल गजूभाऊ मोजायचा, जेवणानंतरचा चाचा. म्हणून त्या दुकानात सकाळी लाभ असायचा आणि दुपारी बरकत.

आणि थप्पीवर दिवसभर बसलेली असायची शिवन्या. शिवू.

ती तिथं का असायची, हे सांगितलं पाहिजे. गजूभाऊची बायको वर्षा बारावी झालेली. नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला तिचा नंबर लागला तो नांदेडला, वसतिगृहात राहून. शिवू तेव्हा तीन वर्षांची होती. वाडीत गहजब झाला. घरात शब्द चालायचा तो थोरल्या भावाचा, दत्तरावांचा. दत्तराव वाईट माणूस नव्हे. पण आपल्या घराबद्दल चार लोक काय बोलतील याचा हिशोब डोक्यात घेऊनच ते झोपायचे आणि उठायचे. ते म्हणाले, "तू जाऊ दे म्हणतोस तर जाऊ दे. पण लेकराची आबाळ दिसली, त्या दिवशी तिला माघारी आणायचं. मग पेपर राहिले का परीक्षा राहिली, मला सांगायचं न्हाई. बराबर?"

"बराबर," गजूभाऊ म्हणाला.

म्हणजे पहा. नांदेडच्या वर्गात एक बाई शिकत होती आणि तिचं शिकणं टिकणार की नाही हे ठरणार होतं तिच्या लेकीच्या गुडघ्यावरच्या खरचटण्यावरून, केसांतल्या उवांवरून, पोरगी गर्दीत किती वेळ रडली यावरून. गावची अंगणवाडी दहाला उघडायची. गजूभाऊला आठला दुकानावर हजर राहावं लागे. दत्तरावांची बायको, म्हणजे वहिनी, शेतात. म्हणून त्यानं शिवूला सायकलच्या पुढच्या दांडीवर, चादरीची घडी टाकून बसवलं आणि मोंढ्यात आणलं.

पहिले दोन महिने त्यानं जे केलं त्याला संगोपन म्हणायला मी धजणार नाही. त्याला वेणी येत नव्हती. त्याला पोत्याचं तोंड शिवता येत होतं. दाभणात सुतळी ओवून, एक टाका इकडून, एक टाका तिकडून. त्यानं शिवूचे केस त्याच पद्धतीनं बांधले. माल घेऊन आलेली एक म्हातारी ते पाहून म्हणाली, "आरं गज्या, पोरगीचं डोस्कं हाय का सोयाबीनचं कट्टं?" मग तिनंच पोत्यावर बसून त्याला तीन पेडांची वेणी शिकवली. तो शिकला, पण शेवटची गाठ मात्र कायम पोत्याचीच राहिली. ती संध्याकाळी सुटता सुटत नसे.

दात घासण्यात तो ढिला होता. पारलेच्या बिस्किटांत त्याचा हात सैल होता. शिवूच्या दोन दाढा काळ्या पडल्या, त्या त्याच्याच खात्यावर. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बापानं लेकराचं नाक पुसलं की लोक त्याच्या गळ्यात हार घालायला निघतात. वर्षानं शिवूच्या जन्मापासून तीन वर्षं हेच सगळं केलं होतं, शिवाय भाकरी, धुणं आणि निंदणी. तिचं व्यक्तिचित्र कुणी लिहिलं? मीही लिहिलं नाही. हे मला ठाऊक आहे आणि ते मला टोचतं.

पण गजूभाऊकडं एक गोष्ट होती, जी मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. ती मी भर बाजारात पाहिली.

शिवूला गुलाबी गॉगल हवा होता. गजूभाऊ नको म्हणाला. ती रस्त्यात आडवी झाली. भाजीवाल्यांच्या मधोमध, टाचा आपटत, सगळ्या जवळ्याला ऐकू जाईल असं भोकाड. भोवती माणसं जमली. "दोन ठिवून दे." "घेऊन टाक ना बाबा, दहा रुपड्याचा तर हाय." "माय कुटं हाय हिची?" हा शेवटचा प्रश्न तिथं तीन जणांनी विचारला. बाप समोर उभा होता, त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. गजूभाऊ तिच्या शेजारी खाली बसला. मारलं नाही, समजावलं नाही, गॉगल घेतला नाही. तिच्या डोक्यावर स्वतःच्या टॉवेलची सावली धरून नुसता बसला. मी जवळ जाऊन म्हटलं, "तिच्याशी बोला ना काही."

"आकडा नाचून राहिला अजून," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पोतं काट्यावर टाकलं की आकडा नाचतो ताई. साठ, एकसष्ट, अठ्ठावन. तवाच वाचला तर शेतकऱ्याचं नुकसान न्हाई तर मालकाचं. हात काढून घ्यायचा आन थांबायचं. थांबला की वाचायचा. लेकराचं बी तसंच हाय."

पाच मिनिटं गेली असतील. लोक कंटाळून पांगले. शिवूचा आवाज खाली आला, मग हुंदके, मग नुसतं नाक. शेवटी ती उठून बसली आणि म्हणाली, "पप्पा, इथं ऊन लागून राहिलंय."

"मग सावलीत जाऊ का?"

"व्हय."

गॉगलचा विषय पुन्हा निघाला नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन माझ्या पत्रकातली सात उद्गारचिन्हं खोडली.

त्याची आणखी एक तऱ्हा होती. संध्याकाळी काम संपलं की तो शिवूला काट्यावर उभं करायचा. "श्वास बी घ्यायचा न्हाई," असं तिला बजावायचा आणि ती गाल फुगवून उभी राहायची. आकडा थांबला की तो मोठ्यानं सांगायचा, "चौदा दोनशे! फ्राकचा कडता शंभर. राहिले चौदा शंभर!" पोत्याच्या बारदानाचं वजन वजा करतात त्याला कडता म्हणतात, तो फ्रॉकचाही कडता कापायचा. रशीदचाचा मान हलवायचे: "माल चोख है." मग तो आकडा सातच्या व्हिडिओ कॉलवर वर्षाला कळवला जायचा. एके दिवशी वजन एकदम दोनशे ग्रॅम वाढलं. वर्षा तिकडं आनंदानं ओरडली. इकडं शिवूनं चड्डीच्या खिशांतून हळदीची अकरा हळकुंडं बाहेर काढली.

मोंढ्यात बैलांसाठी पाण्याचा हौद आहे, व्यापाऱ्यांसाठी गाद्या आहेत, ट्रकसाठी सावली आहे. चार वर्षांच्या मुलीला लघवीला जायला आडोसा नाही. गजूभाऊनं रिकाम्या बारदानांचा एक आडोसा दुकानामागं स्वतः बांधला आणि तिथं पाण्याची बादली ठेवली. आठवड्याभरात तिथं माल घेऊन आलेल्या बायकांची रांग लागू लागली. मग त्यानं दुसरा बांधला. "काहून बांधलं रं हे?" मालकानं विचारलं. "मालक, आडोसा न्हाई म्हणून ह्या बाया आजवर दिवसभर पाणी पीत नव्हत्या," एवढंच तो म्हणाला. मी यावर पत्रक काढायचं ठरवत होते, तोवर काम होऊन गेलं होतं.

असं वर्ष गेलं. वर्षा पहिल्या वर्षाला पास झाली. पण वाडीत कुजबूज वाढली होती: पोरगी हमालांत बसते, पोत्यांवर झोपते, तिला वळण नाही. दत्तरावांनी मग एक निकाल लावायचं ठरवलं. त्यांची स्वतःची मुलं रोडवरच्या एका इंग्रजी शाळेत जात होती. ते म्हणाले, "शिवूला तिथल्या नर्सरीत घाल. ते लोक पारखून घेतात. घेतलं तर मी समजंन, पोरगी बराबर वाढून राहिली. न्हाई घेतलं तर वर्षाला माघारी आण. दुसऱ्या वर्षाचं नाव काढायचं न्हाई."

चार वर्षांच्या लेकराची परीक्षा घेणाऱ्या शाळेबद्दल माझी मतं तुम्ही ओळखू शकता. मी ती गजूभाऊला अर्धा तास ऐकवली. तो म्हणाला, "ताई, समदं पटलं. आता फारम इंग्रजीत हाय, तेवढा भरून देता का?"

म्हणून परीक्षेच्या दिवशी मी शाळेत होते. बाई माझ्याच वयाच्या, समोर वीसेक पालकांची रांग, पंखा बंद. त्यांनाही मी दोष देत नाही. शिवूला त्यांनी रंग विचारले, तिनं सांगितले. पिवळ्याला ती, मोंढ्यातल्या पॉलिश केलेल्या हळदीवरून, "पालिश केल्यालं" म्हणाली, तेही बाईंनी हसून सोडून दिलं. मग टेबलावर दहा मणी मांडले आणि त्या म्हणाल्या, "मोज बरं."

शिवूनं पहिल्या मण्यावर बोट ठेवलं. आवाज बापासारखा चढा लावला. "लाभ!"

"नो नो," बाईंनी बोट हलवलं. "पहिल्यापासून. नीट मोज."

शिवूनं बापाकडं पाहिलं. मग बाईंकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अचानक उजेड पडला. जेवणाची वेळ होऊन गेली होती. दुपार झाली होती, हे आपण विसरलोच. तिनं पुन्हा बोट ठेवलं आणि ठणकावून म्हणाली, "बरकत!"

"एक म्हण बाळा. एक."

शिवूनं मण्यावरचं बोट उचललं. तिच्या लेखी एक नावाची वस्तू मोजणीत नव्हतीच. बाईंनी कागदावर इंग्रजीत लिहिलं, अंक येत नाहीत. मी उठले, माझं तोंड उघडलं होतं, पहिलं वाक्य तयार होतं. गजूभाऊनं माझ्या पिशवीचा बंद धरून मला खाली बसवलं.

बाहेर आल्यावर तो शाळेच्या कंपाउंडला पाठ टेकून हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "ताई, चूक माझी हाय. बारा वर्षं मोजून राहिलो, पण माझ्या तोंडून एक हा आकडा कधी निघालाच न्हाई. पोरीला काय शिकवू? मला बी पास केलं नसतं त्यांनी." मग हसणं आटलं. त्यानं शिवूला कडेवर घेतलं आणि तिच्या डोक्यावरून मला म्हणाला, "आता दादाला काय सांगू?"

दत्तरावांनी ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले: "फोन लाव." सातचा कॉल त्या दिवशी घरातल्या सगळ्यांसमोर झाला. गजूभाऊच्या आधी शिवूनंच फोन धरला. "मम्मी, त्या बाईला मोजता येत न्हाई. लाभ बी येत न्हाई, बरकत बी येत न्हाई." वर्षा खळखळून हसली. मग तिला सगळं कळलं, तेव्हा हसणं थांबलं. ती म्हणाली, "दादा म्हणतील तसं. परवा घरची हळद बाजाराला गेली की मला न्यायला या."

गजूभाऊ दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "रडली असती तर मी सोसलं असतं. पण 'दादा म्हणतील तसं' म्हणाली. ह्याचीच लई तकलीफ झाली ताई. वर्षभरात ती असं बोलायचं विसरून गेली होती."

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. शिक्षणाचा बाजार, मातृभाषेचा अपमान, बाईच्या स्वप्नाचा बळी, असं जळजळीत. जाड कागदावर छापते म्हटलं. त्यानं नेहमीसारख्या दोन्ही बाजू वाचल्या. "चांगलं हाय. पण ह्याच्यात शिवू कुटं हाय? ह्याच्यात तर नुसती व्यवस्था हाय." कागद घडी करून मला परत दिला. "माझ्या पोरीला पत्रकात टाकू नका. दादाला बी टाकू नका. मला त्याच घरात राहायचं हाय."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आजही थोडा आहे. मी ठरवलं, उद्याच वाडीवर जायचं आणि दत्तरावांशी समोरासमोर बोलायचं.

गेले तेव्हा दत्तरावांच्या अंगणात यंदाच्या पिकाची हळद विकायला निघाली होती. पॉलिश केलेली, पोत्यांत भरलेली, वसमतच्या हळदीच्या बाजाराला जायला तयार. ट्रॉली उभी होती. रशीदचाचा आणि गजूभाऊ उचलायला, शिवू पोत्यांच्या थप्पीवर. घरचा माल म्हणून मोजायला स्वतः दत्तराव. मी पिशवीतून माझे मुद्दे काढते आहे तोवर त्यांनी रशीदचाचांच्या खांद्यावरच्या पहिल्या पोत्यावर उजवा हात ठेवला, तो हात कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!"

"नो नो!" वरून आवाज आला. शिवू थप्पीवर उभी होती. बोट शाळेतल्या बाईंसारखं हलत होतं. "मोठे बाबा, चुकलं! एक म्हणा!"

गजूभाऊ जमिनीकडं पाहू लागला. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"आगं, असं म्हणत नसतात," दत्तराव म्हणाले. "मालाची सुरुवात हाय."

"मंग बाई काहून म्हणल्या?"

"त्या बाईला काय कळतंय मोजणीतलं!"

बोलून गेले आणि तिथंच थांबले. आपण काय बोललो हे त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्यांनी गजूभाऊकडं पाहिलं. तो अजून जमीनच पाहत होता. मला वाटलं, आता मी बोलावं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी रशीदचाचा खांद्यावरचं पोतं सावरत म्हणाले, "क्या दत्तराव, लडकी फेल हुई के पास हुई? पोते का वजन लग रहा मेरेकू, जल्दी बोलो."

"तू गप रे रशीद. पोतं टाक ट्रॉलीत," दत्तराव म्हणाले. मग वर पाहून, मघापेक्षा मोठ्यानं: "लाभ!"

"दोन!" शिवू वरून ओरडली.

"तीन!"

"चार!"

अशी ती दोघं मोजत गेली. एकोणतिसापर्यंत शिवू न चुकता आली. तिसाव्या पोत्याला तिनं ऐटीत "वीसदहा!" म्हटलं. दत्तराव म्हणाले, "तीस." ती म्हणाली, "तीस." पुढचं सगळं त्यांनी सांगितलं आणि तिनं मागून म्हटलं. माझे मुद्दे पिशवीतच राहिले.

ट्रॉली गेल्यावर दत्तरावांनी गजूभाऊचा फोन मागून घेतला. वर्षाला त्यांनी आजवर स्वतः कधी फोन केला नव्हता. भावजयीशी थेट बोलायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. ते फोन कानाला लावून अंगणाच्या कडेला गेले, तरी आवाज मोठा असल्यामुळं सगळं ऐकू आलं. "वर्षा, मी बोलून राहिलो... न्हाई, न्हाई, समदे बरे हाएत... तुझी परीक्षा कवा हाय?... बरं. ती देऊनच ये. लेकरू बराबर हाय. मी पाहिलं." फोन परत देताना ते गजूभाऊला एवढंच म्हणाले, "पोरीला एक बी शिकव. बाहेर लागतंय."

गजूभाऊनं शिकवलं. त्याला स्वतःलाच ते जड गेलं. "दुकानात लाभ, शाळेत एक," असं तो तिला रोज सायकलवर घोकून घ्यायचा. त्या इंग्रजी शाळेत ती गेली नाही. पुढच्या वर्षी वाडीतल्याच शाळेत तिचं नाव लागलं, दत्तरावांनीच जाऊन लावलं. घरातून गुरुजींना आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी कधी कधी लाभ म्हणते, तर रागावू नका.

वर्षा पास झाली. डोंगरकड्याच्या बाजूला एका दवाखान्यात तिला काम लागलं आणि गेल्या महिन्यात तिघं तिकडं राहायला गेली. निघायच्या दिवशी मी टेम्पोपाशी गेले होते. शिवू पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसून ड्रायव्हरला हॉर्न कुठं आहे ते दाखवत होती. रशीदचाचांनी तिला बिस्किटाचा पुडा दिला आणि वर्षानं तो काढून घेऊन पिशवीत टाकला. "आधी दात," ती म्हणाली. गजूभाऊ दोरी बांधत होता. मी त्याला म्हटलं, "एक विचारायचं राहून गेलं. तिला शिकू द्यावं हे तुमच्या मनात आलं तरी कसं? माझं पत्रक तर तुम्ही नंतर वाचलं."

त्यानं गाठ आवळली, ती पोत्याचीच गाठ. म्हणाला, "मनात काय आलं न्हाई ताई. शिवू लहान होती. एकदा जेवून बसलो होतो, बोलता बोलता मी वर्षाला इचारलं, तुझं शिकायचं कुटं राहिलं? सहज बरं का. ती बोललीच न्हाई. शिवू तिच्या मांडीवर किरकिर करून राहिली होती. मी म्हणलं, आण इकडं. तिला घेतलं आन अंगणात चकरा मारल्या. लई येळ मारल्या. माघारी आलो, तवा ती बोलाय लागली. मग थांबलीच न्हाई. बारावीचे मार्क, फारमची तारीख, फारम देणाऱ्या बाईंचं नाव, समदं तोंडपाठ होतं तिला. मांडी रिकामी व्हायची वाट पाहून राहिलं होतं ते."

टेम्पो गेला. मी रस्त्यात उभी होते आणि माझ्या पिशवीत, सवयीनं, पत्रकं होती. ती मी त्या दिवशी वाटली नाहीत.

त्याऐवजी हे लिहिलं. आणि आता तुम्हाला एकच मागते. आज संध्याकाळी घरी गेलात की, भाकरी झाल्यावर, तुमच्या घरातल्या तिला विचारा: तुझं शिकायचं कुठं राहिलं? ती लगेच सांगणार नाही. कदाचित हसण्यावारी नेईल. तुम्ही पुन्हा विचारू नका, समजावू नका. तिच्या मांडीवरचं लेकरू उचला, कडेवर घ्या, आणि ती बोलेपर्यंत अंगणात फिरत राहा.